अंगालगतची लोकर

मेंढीशी अड्यारचा परिचय आहे. पण तो तिच्या कातड्याशी, लोकरीशी नव्हे. १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्मसंशोधन संस्था याच भागात उभी आहे, आणि सेलम-ईरोडकडच्या मेच्चेरी मेंढीच्या कातड्याला चामड्याच्या व्यापारात मोठा मान आहे. परंतु ही मेंढी काय किंवा चेन्नईच्या आसपास चरणारी तांबूस 'मद्रास रेड' काय, दोघींच्याही अंगावर लोकर म्हणून नसते. असतात ते आखूड केस. जेथे जानेवारीच्या पहाटेही पंखा बंद करवत नाही, तेथे मेंढीने तरी लोकरीचे ओझे का वाहावे?

अशा हवेत राहणाऱ्या माणसाला थंडीच्या कपड्यांविषयी काही ज्ञान नसले तर त्यात नवल नाही. पण हाच माणूस रात्री चेन्नई सेंट्रलवर निलगिरी एक्सप्रेसमध्ये बसतो आणि दुसऱ्या दिवशी सात-आठ हजार फुटांवर जाऊन पोहोचतो. डिसेंबर-जानेवारीत उटीच्या आसपासच्या सखल गवताळ भागांत पहाटे गवतावर हिमाचा पांढरा थर दिसतो. हौशी प्रवासी ते पाहून छायाचित्र काढतो व हॉटेलात परततो, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. मी बोलणार आहे ते त्या थोड्या लोकांविषयी, जे पहाटे अंधारात चढण चढून जातात आणि एखाद्या कड्याच्या आडोशाला तासन् तास निश्चल बसून राहतात. जनावर दृष्टीस पडावे एवढाच त्यांचा हेतू असतो.

पूर्वी असे बसणाऱ्याच्या हाती बंदूक असे. निलगिरीवरील शिकारीला नियम घालण्यासाठी १८७७ साली तेथे शिकाऱ्यांचीच एक संस्था निघाली आणि १८७९ साली मद्रास सरकारने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो अध्याय आपल्या देशापुरता संपविला. आता तेथे दुर्बीण, कॅमेरा आणि वनखात्याची परवानगी घेऊन जावे लागते. मुकुर्तीच्या राष्ट्रीय उद्यानात ज्याला पाहावयास जावयाचे तो निलगिरी तहर, म्हणजे तमिळ माणसाचा 'वरैयाडु', कड्यावरचा बोकड. २०२४ साली तमिळनाडूत त्याची गणना झाली तेव्हा १,०३१ जनावरे मोजली गेली. ही गणना एप्रिल-मेच्या सांध्यावर झाली. त्या दिवसांत हिम नसले तरी वळवाचा पाऊस आणि डोंगरमाथ्यावरचा वारा असतो. परदेशात शिकार अजून कायदेशीर आहे, आणि अमेरिकेत वा कॅनडात राहणारा आपला एखादा आप्त नोव्हेंबरात परवाना काढून हरणाच्या मागे जात असेल. बंदूक असो की दुर्बीण, थंडीच्या दृष्टीने दोघांची अवस्था एकच; म्हणून यापुढे मी दोघांनाही शिकारीच म्हणेन.

या शिकाऱ्याची अडचण गिर्यारोहकाहून निराळी आहे, आणि ती नीट समजली की कपड्याची निवड निम्मी झाली असे समजावे. गिर्यारोहक चालतच असतो, त्यामुळे त्याचे शरीर उष्णता निर्माण करीत राहते. चौकीवरचा पहारेकरी बसूनच असतो, त्याने जाड कपडे घातले की काम भागते. शिकारी मात्र आधी घामाघूम होतो आणि मग दगडासारखा बसतो. चढण करताना तासाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक घाम सहज जातो. समजा, त्यातील पाव लिटर अंगातल्या सुती गंजिफ्राकात व सदऱ्यात मुरून राहिला. हे पाणी अंगावरच वाळावयाचे, तर त्यासाठी सुमारे १४५ किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर तासाला जेमतेम शंभर किलोकॅलरी निर्माण करते. म्हणजे तासाभराची सगळी कमाई आणि वर आणखी निम्मी एका ओल्या सदऱ्याच्या स्वाधीन करावयाची, तीही वारा वाहत असताना! सावकाराचे व्याजही इतके जबर नसे.

म्हणूनच माणूस गारठून मरण्यास बर्फ पडावेच लागते असे नाही. पारा आठ-दहा अंशांवर असताना ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांच्या खाली येऊ शकते. प्रथम हुडहुडी भरते, मग बोटे आपले ऐकेनाशी होतात, पुढे जीभ अडखळते आणि विचार भरकटतो. या अवस्थेचा घातकपणा असा की, आपल्याला काही होत आहे हे ज्याला होते त्यालाच उमगत नाही. 'मी ठीक आहे' हे त्याचे शब्द सोबत्याने मुळीच खरे मानू नयेत.

सुती कपड्यावर थंडीला सामोरे जाणे किती महागात पडते, हे या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आपल्या सातव्या ब्रिगेडचे जवान उभे होते, त्यांपैकी कित्येकांच्या अंगावर सुती उन्हाळी गणवेश होते. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी शत्रूच्या हाती सापडले आणि सुटकेनंतर १९६९ मध्ये त्यांनी त्या साऱ्या प्रकारावर एक कठोर ग्रंथ लिहिला. त्या पराभवाची कारणे अनेक होती आणि कपडा हे त्यांतील एक. आम्हा कचेरीतल्या माणसांना कपड्याची मागणी ही एका कागदावरची नोंद वाटते. ती कोणाच्या अंगावर जाऊन थांबते याची आठवण राहावी, म्हणून हा उल्लेख केला.

तर मग अंगालगत काय असावे? सूत पाणी पिते आणि धरून ठेवते, हे आपण पाहिले. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. घाम त्याच्या धाग्यांवरून पसरतो व लवकर वाळतो. धावणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला ते उत्तम. पण दुसऱ्या दिवशी त्याला जो दर्प येतो तो सहप्रवाशांस असह्य होतो, आणि शिकाऱ्याच्या बाबतीत तर सहप्रवाशापेक्षा तीक्ष्ण नाकाचा प्राणी समोर असतो. शिवाय असे कृत्रिम कापड शेकोटीच्या ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. लोकरीचा स्वभाव या दोहोंहून वेगळा आहे. तिच्या तंतूचे बाहेरचे आवरण खवल्यांचे असते व ते पाण्याचा थेंब सहसा आत घेत नाही. पण पाण्याची वाफ मात्र तंतूच्या गाभ्यात शिरते. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा गिळूनही लोकर हाताला ओली लागत नाही. चढणीवर अंगातून निघणारी वाफ ती अशी आत घेते आणि बसल्यावर सावकाश बाहेर सोडते. ओलावा गिळताना ती थोडी उष्णताही देते, हे शास्त्रीय सत्य आहे. मात्र विक्रेते याचे वर्णन जणू शेगडीच अंगात घातल्यासारखे करतात, ते मनावर घेऊ नये. तंतू कुरळा असल्याने कापडात हवा कोंडून राहते आणि खरी ऊब या कोंडलेल्या हवेची असते. घामाच्या दुर्गंधीचे कणही लोकर आपल्या ठायी बांधून ठेवते, म्हणून तोच सदरा चार दिवस अंगात असला तरी चालतो. आणि एक गोष्ट: लोकर सळसळत नाही. हात उचलताना कृत्रिम कापडाचा जो बारीक आवाज होतो, तो आपल्याला ऐकू येत नसला तरी तहराला येतो.

येथे मराठी श्रोत्याच्या मनात घोंगडी आल्यावाचून राहणार नाही. पावसाळ्यात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर माळावर उभा राहणारा धनगर लोकरीचे हे सारे गुण कोणत्याही प्रयोगशाळेवाचून जाणतो. सनगर विणकर घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतो, त्यामुळे धाग्याला बळकटी येते. मग दख्खनी लोकरीचाच सदरा का शिवू नये? याचे उत्तर तंतूच्या जाडीत आहे. ही जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूचे टोक कातडीला लागले की ते वाकत नाही, टोचते. आणि अशा तंतूंचे प्रमाण शंभरात पाचाच्या वर गेले की अंगाला खाज सुटते. दख्खनी मेंढीचे तंतू बहुतांशी या मर्यादेपलीकडचे, कित्येक तर आतून पोकळ. घोंगडी सदऱ्यावरून पांघरावयाची वस्तू आहे आणि त्या कामात तिला तोड नाही. पण जिवणीखालच्या नाजूक कातडीशी तिचे जमावयाचे नाही. बाहेरून घोंगडीच्या गोत्रातले काही आणि आत बारीक लोकर, ही जोडी मला कोणत्याही परदेशी जाकिटाइतकीच भरवशाची वाटते.

बारीक लोकर म्हणजे मेरिनो. ही मेंढी स्पेनची. तेथील मेंढपाळांच्या 'मेस्ता' नावाच्या संघाला १२७३ साली राजाची सनद मिळाली. हे लोक आपल्या धनगरांप्रमाणेच ऋतुमानानुसार कळप घेऊन शेकडो मैल जात-येत असत. स्पेनने ही मेंढी पुष्कळ काळ देशाबाहेर जाऊ दिली नाही. पुढे १७६५ मध्ये ती सॅक्सनीला, १७८६ मध्ये फ्रान्समधील रांबुईये येथे आणि १७९७ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचली, आणि आज तलम लोकरीचा जगाचा मोठा पुरवठा त्या शेवटच्या देशातून होतो. अड्यारच्या माणसाला कौतुक वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकात निलगिरीवर कोइमतूरच्या मेंढीशी तस्मानियातील मेरिनो, चेव्हिऑट आणि साउथडाऊन या जातींचा संकर झाला व त्यातून 'निलगिरी' ही मेंढी निर्माण झाली. तिच्या लोकरीचा तंतू दख्खनीपेक्षा पुष्कळच तलम असतो. उटीजवळ सॅंडीनल्ला येथील संशोधन केंद्रात तिचे जतन केले जाते. कारण तिची संख्या फार घटली आहे. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली निघालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने 'भारत मेरिनो' सिद्ध केली. तथापि बाजारात अंगालगतचा म्हणून जो सदरा मिळतो, त्याची लोकर जवळजवळ नेहमीच परदेशची असते.

आता दुकानात जाऊ. चेन्नईत काश्मीरच्या सहलीआधी लोक 'थर्मल' या नावाने जे घेतात, ते बहुधा सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्रण असते. दिल्लीच्या घरात हिवाळा काढण्यास ते ठीक आहे, शिकाऱ्याच्या उपयोगाचे नाही. रस्त्याकडेला मिळणारे लोकरी भासणारे स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचे. शंका आल्यास शिवणीतला एक सुटा धागा काढून जाळून पाहावा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. मात्र हा प्रयोग खरेदी केल्यानंतर घरी करावा, दुकानात नव्हे.

लेबलावर तीन गोष्टी पाहाव्यात. लोकरीचे प्रमाण, तंतूची जाडी आणि कापडाचे वजन. जाडी सतरा ते एकोणीस मायक्रॉनच्या दरम्यान असली की बहुतेकांस टोचत नाही. ती लिहिलेली नसेल तर कापड तळहाताने चाचपून काही कळावयाचे नाही, कारण आपला तळहात निबर असतो. ते हनुवटीखाली, गळ्याला लावून क्षणभर थांबावे. वजन चौरस मीटरला किती ग्रॅम असे देतात. दीडशेचे कापड चढणीस चांगले, अडीचशेचे बसण्यास. निलगिरीसाठी मी म्हणेन की दीडशे ते दोनशेचे घ्यावे आणि बसल्यावर अंगात घालण्यास एक जाड लोकरी बंडी पिशवीत ठेवावी. हिमालयात किंवा उत्तर अमेरिकेच्या नोव्हेंबरात अडीचशेचे घेतले तरी वावगे होणार नाही. पण एकच जाडजूड सदरा घेऊन सर्व प्रश्न सुटेल ही समजूत सोडावी. जाड कपड्यात चढण चढणारा माणूस वर पोहोचतो तो भिजलेलाच. चढताना थोडी थंडी वाजली पाहिजे, हे जुन्या डोंगरी माणसांचे सांगणे अगदी खरे आहे.

सदरा अंगासरशी असावा, पण आवळणारा नसावा. सैल असला तर वाफ टिपण्याआधीच आतली हवा थंड होते. लांबीला तो कमरेखाली चांगला वीतभर हवा, म्हणजे वाकून बसल्यावर पाठ उघडी पडत नाही. गळ्याशी छोटी चेन असली तर चढताना उघडता येते. खांद्यावर, जेथे पिशवीचा पट्टा येतो, तेथे शिवण नको. आणि विजार विसरू नये. आपल्याकडे लोक छातीची काळजी घेतात आणि मांड्या सुती पँटच्या भरवशावर सोडतात. ओल्या गवतातून चालणाऱ्याची तर आधी मांडीच भिजते.

निव्वळ मेरिनोत एक उणेपण आहे व ते सांगितले पाहिजे. ती नाजूक असते. पिशवीचा पट्टा, बाभळीचा काटा, कमरेचा पट्टा यांनी तिला लवकर भोके पडतात. म्हणून शंभरात दहा-पंधरा भाग नायलॉन मिसळलेले कापड मिळते. त्याने तलमपणा फारसा जात नाही आणि आयुष्य वाढते. मला अशी भेसळ मान्य आहे. लोकर वाळण्यास पॉलिएस्टरहून अधिक वेळ घेते, हेही खरे. 'ओली लोकर ऊब देते' या प्रसिद्ध वाक्यात निम्मेच तथ्य आहे: घामाने दमट झालेली लोकर ऊब राखते, पावसात पिळून निघालेली लोकर जड व थंडच असते, फक्त सुताहून कमी. वरून पावसाचे आवरण हवेच. किंमतीचे म्हणाल तर एका चांगल्या मेरिनो सदऱ्याच्या पैशात सुती थर्मलचे तीन-चार जोड येतात. ज्याला वर्षातून एकदा उटीचे तळे पाहावयाचे आहे त्याने ते जोडच घ्यावेत.

जुन्या काळचे लोक या बाबतीत अगदी अडाणी नव्हते. गोरे शिपाई हिंदुस्थानात पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा बांधीत, तो पटकी टाळण्यासाठी. त्याने पटकी टळली नाही, ही गोष्ट वेगळी. पण १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेला जॉर्ज मॅलरी रेशीम, लोकर व सूत यांचे पातळ थर आणि वर गॅबर्डिन घालून गेला होता. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला. त्याच्या कपड्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवरून तशाच प्रतिकृती तयार करून २००६ साली पर्वतावर घालून पाहिल्या, तेव्हा ते कपडे समजले जात होते त्याहून पुष्कळ उत्तम निघाले. तीच युक्ती, एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ.

वासाविषयी मात्र अवास्तव आशा बाळगू नये. लोकर शिळ्या घामाचा दर्प आवरते. माणसाचा वास लपवीत नाही. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर सोवळे नेसून बसलात तरी ते उठून जाईल. तहराच्या बाबतीत तर डोळेही सांभाळावे लागतात. तो कड्यावरून खालच्या उतारावर नजर ठेवून असतो, म्हणून जाणते लोक त्याच्याकडे वरच्या बाजूने जातात. म्हणजे आणखी चढण, आणखी घाम.

अड्यारमध्ये बसून सदऱ्याची परीक्षा कशी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. मे महिन्यात दुकानातल्या आरशासमोर तो घातला तर अंगाची लाही होण्यापलीकडे काही समजणार नाही. मी सुचवितो तो उपाय थोडा हास्यास्पद आहे, पण कामाचा आहे. सदरा आत घालून कार्यालयाचे चार-पाच मजले जिन्याने दोनदा चढावेत आणि मग वातानुकूलित खोलीत, थेट झोताखाली, अर्धा तास फाईल वाचीत बसावे. आमच्या कचेऱ्यांतील काही खोल्या डिसेंबरच्या डोड्डाबेट्टाशी सहज स्पर्धा करतात. पाठीला गार ओल लागली तर कापड बदलावे. न लागली तर निलगिरीचे तिकीट काढण्यास हरकत नाही.

राहता राहिला प्रश्न सांभाळण्याचा, आणि समुद्राकाठी तो सर्वांत बिकट आहे. थंड देशांत हिवाळ्यात कसरीची वाढ मंदावते. चेन्नईत तिला बाराही महिने सुगी. कसर लागते ती बहुधा घामाचे, अन्नाचे डाग असलेल्या जागी, तेव्हा न धुता सदरा ठेवणे म्हणजे तिला आमंत्रणच. धुलाईचा सोडा व कडक साबण लोकरीचा तंतू खातात. रिठ्याचे कोमट पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव वापरावा. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगलेला ओला सदरा आपल्याच भाराने गुडघ्यापर्यंत येतो. पूर्ण वाळल्यावर, पावसाळी हवा नसलेला दिवस पाहून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कडुनिंबाचा पाला घालण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये. डांबराच्या गोळ्या कापडाला न लागतील अशा पुरचुंडीत बांधाव्यात. कसर लागल्याचा संशय आलाच, तर सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे घरच्या शीतकपाटाच्या बर्फाच्या खणात ठेवावा, बाहेर काढल्यावर उन्हात झटकावा आणि डबा पुसून कोरडा केल्याशिवाय पुन्हा त्यात घालू नये.